अन्सगारचे तीस घोडे

पारास्का दुत्चाकला घोडा कळायचा. बाजारात बांधलेलं जनावर लांबून बघूनच ती सांगायची, हा डाव्या पायानं लाथ मारणार, हा चिखलात बसणार, आणि ह्याला मागच्या मालकानं उपाशी ठेवलंय. माणसांच्या बाबतीत मात्र आपला अंदाज चुकतो, असं तीच म्हणायची, आणि पुरावा म्हणून नवऱ्याकडं बोट दाखवायची.

नवरा, प्रोकिप, मे महिन्यात रेल्वेच्या रुळांवर कामाला जायचा तो बर्फ पडल्यावर उगवायचा. चारी पोरं त्यामुळं ऐन सुगीत जन्माला आली. एकानंही आईची सोय बघितली नाही. तिसऱ्या वेळी तर ती सकाळी पेंढ्या बांधत होती, दुपारी पोरगी झाली आणि चौथ्या दिवशी ती पुन्हा पेंढ्या बांधत होती.

युक्रेनकडच्या गालिशियातून आली तेव्हा ती एकोणीस वर्षांची. सस्कॅचेवानच्या त्या उघड्या माळावर पहिला हिवाळा नवराबायकोनं जमिनीत खणलेल्या खड्ड्यात, वर गवताचं छप्पर घालून काढला. वसंतात जमीन फोडायची तर दावणीला शेपूटही नव्हतं. प्रोकिपनं नांगराला दोर बांधला, एक टोक त्यानं खांद्यावर घेतलं, एक तिनं, आणि दोघांनी मिळून दोन एकर ओढलं. तिकडून शेजारचा नॉर्वेजियन घोड्यांची जोडी हाकत गेला. त्यानं टोपी काढून रामराम केला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, पण पारास्काच्या ते काळजात बसलं. ह्या मुलखात घोड्यावर माणूस मोजतात, हे तिनं त्या दिवशी ओळखलं.

चौदा वर्षांत तिच्या तबेल्यात पाच घोडे झाले. पाचही पैदाशीचे, पाचही जाड खुरांचे, पाठ अशी की वर पोरगं झोपवावं. डक स्लू वस्तीत पाच घोडे दुसऱ्या कुणाकडं नव्हते.

आणि तिथं त्याला किंमत होती. वस्तीत सात घरं मिळून एक मळणीयंत्र होतं. ते यंत्र फिरायचं घोड्यांच्या चरकावर. उसाच्या चरकाला बैल फिरतात तसे आठ घोडे गोल फिरायचे, मधल्या दांड्यातून जोर यंत्राला जायचा, आणि पेंढ्या आत, गहू बाहेर. घोडे दमले की दुसरे आठ. घोडे सात घरांतून यायचे, आणि रिवाज असा, की ज्याचे घोडे जास्त त्याची मळणी आधी. पारास्काचे पाच, तिची पाळी पहिली. फ्रेंच सिप्रियाँचे चार, तो दुसरा. जर्मन म्हातारा गॉटलीब राइम्खं ह्याचे तीन. मग नॉर्वेजियनांची तीन घरं, अन्सगार त्वाइटेन, त्याचा भाऊ तोरगाइर, त्याचा मेहुणा सिगवार्त, प्रत्येकी दोन घोडे. त्यांच्यातला नंबर चिठ्ठ्या टाकून ठरायचा. फिनलंडच्या एइनोचेही दोनच, पण तो सगळ्यांत उशिरा वस्तीला आलेला, म्हणून शेवटचा.

शेवटचा नंबर म्हणजे काय, हे सगळ्यांनी गेल्या साली बघितलं होतं. एइनोची पाळी यायच्या आधी तीन दिवस बर्फ पडलं. त्याच्या पेंढ्या वसंतापर्यंत बर्फाखाली राहिल्या. वर काढल्या तेव्हा उंदरांनी गहू खाल्लेला, काड तेवढं इमानदारीनं शिल्लक ठेवलेलं. एइनोनं तो हिवाळा बटाटे आणि तळ्यातले मासे खाऊन काढला. काही बोलला नाही. तो एरवीही बोलायचा नाही.

हे सगळं असं चाललं असताना, १९१२च्या ऑगस्टात अन्सगारनं इंजिन आणलं.

रॉकेलवर चालणारं, मागची चाकं माणसाएवढी, धूर म्हसरासारखा काळा. स्टेशनपासून अकरा मैलांना त्याला दीड दिवस लागला. वाटेत एका नाल्यावरचा लाकडी पूल त्यानं मोडला. सगळी वस्ती बघायला गोळा झाली. अन्सगार वर बसला होता. तोंड काजळानं काळं, दात तेवढे पांढरे. त्याच्या लग्नातही तो इतका खूश नव्हता, असं त्याची बायकोच म्हणाली.

इंजिनाच्या कपाळावर पितळी पट्टी होती. तिच्यावर आकडे, पंधरा आणि तीस, आणि पुढं दोन इंग्रजी अक्षरं.

"हे काय म्हनायचं?" पारास्कानं विचारलं.

"हेस्तेक्राफ्ट," अन्सगार म्हणाला. "घोड्याचा जोर. कामाला जुंपलं की किती घोड्यांचं काम करतंय ते लिवलंय."

"आमच्यात किन्स्का सिला म्हनतात," पारास्का म्हणाली. "म्हंजे घोडाच."

गॉटलीबनं चष्मा पुसला. "आमी फेर्डेश्टेर्क म्हनतो. त्यात बी घोडाच हाय."

सिप्रियाँला हसू आवरेना. "आमच्यात शव्हाल-व्हापर. वाफेचा घोडा. पन ह्यो तर रॉकेल पितोय. आमच्या गावच्या पाद्रीसारखा हाय, नाव एक आनि पिनं दुसरंच."

मग सगळे एइनोकडं बघायला लागले. एइनोनं पाइप काढला. "हेवोसव्होइमा," म्हणाला, आणि पाइप पुन्हा तोंडात. विचारायची गरज नव्हती. त्यातही घोडा होता.

"आन आकडे दोन का?" सिप्रियाँनं विचारलं.

"वढायला लावलं तर पंधरा घोड्यांचं. जागेवर उभं करून पट्ट्यानं यंत्र फिरवलं तर तीस घोड्यांचं."

"म्हंजे नांगर दिसला की निम्मे घोडे पळून जातात," सिप्रियाँ म्हणाला. "माझ्या मेव्हन्यांगत."

सगळे हसले, पारास्काही हसली. काळजी करावी असं तिला त्या दिवशी काही दिसलं नाही.

काळजी दिसली पुढच्या रविवारी. शाळेच्या लाकडी खोलीत मळणीची बैठक भरली. पोरांच्या बाकांवर सात घरं गुडघे पोटाशी घेऊन बसली. गॉटलीब मास्तरांच्या खुर्चीवर. तो सगळ्यांत वयस्क, आणि रिवाज त्याला तोंडपाठ. अन्सगार उठला, आणि सरळ म्हणाला,

"औंदापासनं चरकाची गरज न्हाय. यंत्र माझं इंजिन फिरवील, सगळ्यांचं. फुकट. पन रिवाज त्यो रिवाज. मी तीस घोडे देतोय. त्यातले दहा माझे, दहा तोरगाइरचे, दहा सिगवार्तचे. त्यांनीबी इंजिनाला हातभार लावलाय. घरचे दोन-दोन धरा. बारा, बारा, बारा."

बारा, बारा, बारा आणि मग पारास्काचे पाच. नॉर्वेजियनांची तिन्ही घरं मोठी, तिघांचा गहू मिळून तीन आठवड्यांचं काम. त्यानंतर तिची पाळी म्हणजे ऑक्टोबर निम्मा सरलेला. तिचा गहू यंदा खालच्या अंगाला होता, तळ्याच्या कडेला. तिथं बर्फ पहिलं येतं आणि शेवटी जातं. वर्षाची भाकर आणि पुढचं बी, दोन्ही त्याच गव्हात.

"ते घोडे न्हाईत, अन्सगार," ती म्हणाली. "ते लोखंड हाय."

"लिवलंय काय त्याच्यावर? तूच इचारलंस. तुझ्या भाषेत बी घोडाच म्हनालीस."

गॉटलीबनं दाढी खाजवली आणि निकाल पुढच्या रविवारवर टाकला.

तो आठवडा पारास्का भडकलेली होती. कोंबड्यांवर ओरडली, पोरांवर ओरडली, यीस्ट न घालता भाकरी भाजली आणि भाकरीवर ओरडली. थोरली पोरगी याव्दोखा चौदा वर्षांची, आईच्या वळणाची. ती म्हणाली, "आये, अन्सगारकाका काय वाईट न्हाय. त्यांनी फुकट फिरवतो म्हटलं ना."

"फुकटच्या म्हशीचं शेन सगळ्या गावाला उचलावं लागतंय," पारास्का म्हणाली.

शुक्रवारी ती लाकडं फोडत होती. हात चालू होते आणि तिच्या डोक्यात दुसरं काही आलं. तिनं कुऱ्हाड ओंडक्यातच ठेवली आणि उभी राहिली. मग एकटीच हसायला लागली. याव्दोखानं खिडकीतून बघितलं आणि धाकट्यांना सांगितलं, आज आईजवळ जाऊ नका.

रविवारी बैठकीला पारास्का नवा रुमाल डोक्याला बांधून आली. गॉटलीबनं विचारलं, कुणाला काय बोलायचंय. ती उठली.

"मी इचार केला. अन्सगारचं बरोबर हाय. पाच भाषांत ज्याला घोडा म्हनतात त्यो घोडाच. तीस धरा."

अन्सगारनं भावाकडं बघितलं. इतक्या सहज मिळालेलं कुणालाच पचत नाही.

"फक्त गॉटलीबबाबा, रिवाज सगळा एकदा म्हना. पोरं बसल्यात, त्यांच्या बी कानावर पडू द्या."

गॉटलीबनं डोळे मिटले आणि म्हटला. ज्याचे घोडे जास्त त्याची पाळी आधी. ज्याच्या दारात मळणी त्यानं घोड्यांना ओट आणि माणसांना जेवण द्यायचं. आणि ज्याचे जितके घोडे मोजले, त्यानं हिवाळ्यात शाळेच्या शेगडीसाठी तितक्या खेपा लाकूड आणायचं. दर घोड्यामागं एक खेप.

इथपर्यंत येऊन गॉटलीब थांबला. त्यानं डोळे उघडले. मिशीखाली काहीतरी हललं.

"गेली चार वर्षं माझे पाच घोडे मोजले," पारास्का म्हणाली. "पाच खेपा मी आनल्या. जानेवारीत, नऊ मैल जंगलात जाऊन. पापन्या चिकटायच्या थंडीनं. गॉटलीबबाबांनी तीन आनल्या, सिप्रियाँनं चार. कुणी कुरकुर न्हाय केली. आता अन्सगारच्या घरात बारा, तोरगाइरच्या बारा, सिगवार्तच्या बारा. छत्तीस खेपा. आमच्या लेकरांना औंदा शाळेत घाम फुटंल."

"इंजिन थंडीत सुरू होत न्हाय," तोरगाइर पटकन बोलून गेला. अन्सगारनं त्याच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता.

"आजारी पडतात व्हय रं?" पारास्कानं मायेनं विचारलं. "तीसच्या तीस?"

"बाई, थट्टा पुरे," अन्सगार म्हणाला.

"थट्टा न्हाय. मला काळजी लागलीय. माझ्या दारात आले की ओट किती काढून ठेवू? एका घोड्याला एक बादली, तर तीस बादल्या. आनि त्ये पानी कोनत्या तोंडानं पितात ते सांग, म्हंजे तेवढी भांडी मांडते."

सिप्रियाँ बाकावरून खाली सरकला होता. त्याला हसताना आवाज यायचा नाही, नुसतं बाक हलायचं. गॉटलीबनं टेबलावर थाप मारली, पण त्यालाही बोलता येईना. शेवटी अन्सगारच हसायला लागला. त्याचं तेवढं चांगलं होतं, की राग त्याच्यात फार वेळ टिकायचा नाही.

"बरं," तो म्हणाला. "घोडे न्हाईत. इंजिन हाय. माझे दोनच धरा."

पारास्का खाली बसली. पाच, चार, तीन. तिची पाळी पुन्हा पहिली. आता काय बोलायचं राहिलं होतं?

तेवढ्यात मागच्या बाकावर काहीतरी करकरलं. एइनो उभा राहिला होता.

एइनो बैठकीत उभा राहिलेला आजवर कुणी बघितला नव्हता. तोरगाइर तर म्हणाला, ह्याची उंची आत्ता कळली. एइनोनं पाइप हातात घेतला, टोपी दुसऱ्या हातात घेतली, आणि शब्द एकेक करून खाली ठेवावेत तसे ठेवले.

"चरक संपला. चरकावरनं घोडे मोजायचे. आता मोजायचे कशापायी?" मग पाइपाचं टोक स्वतःच्या छातीला लावलं. "गेल्या साली जो शेवटचा, त्यो औंदा पयला. दर साली उलटं."

आणि बसला. एका वर्षाचं बोलणं त्यानं वापरून टाकलं होतं.

पारास्काला हिशोब लागायला वेळ लागला नाही. गेल्या साली शेवटचा एइनो. आणि पहिली ती. उलटं केलं की तीच शेवटी. लोखंडाचे घोडे मोजायचे नाहीत, हे तिनंच सिद्ध केलं होतं, आणि आता त्याच दोरीनं तिचे जिवंत घोडेही मोजणीतून सुटले. चौदा वर्षं जमवलेलं, पाठीवर पोरगं झोपवावं असं धन, ह्या खोलीत आता त्याची किंमत शून्य.

गॉटलीबनं तिच्याकडं बघितलं. "बाई?"

तिला खूप बोलता आलं असतं. ती भांडली असती तर सिप्रियाँ तिच्या बाजूला आला असता, गॉटलीब गप्प बसला असता, आणि एइनो तर काहीच बोलला नसता. तिनं मागं वळून बघितलं. एइनो पाइपात काडी घालून टोकरत होता. गेल्या हिवाळ्यात तिनं त्याला दोनदा पीठ धाडलं होतं, आणि दोन्ही वेळा त्यानं भांडं घासून, त्यात तळ्यातले मासे घालून परत केलं होतं.

"मी माझ्याच हातानं खड्डा खनला म्हनायचं," ती म्हणाली. "मागं हटायला तोंड न्हाय. एइनोचं बरोबर हाय."

"पन," तिनं लगेच बोट वर केलं, कारण खड्ड्यात पडलं तरी हात रिकामा वर काढायचा नाही ही तिची रीत, "चरकातनं वीस घोडे मोकळे झाले. ते तबेल्यात उभं राहून फुगायचे न्हाईत. वीसच्या वीस पेंढ्या वाहायला जुंपायचे. आनि आपली मळनी झाली की घोडे घरी न्यायचे, ही सवय आता बंद. शेवटच्या दारापर्यंत वीस घोडे. कबूल असंल तर हात वर करा."

पोरांच्या बाकांवरून सात हात वर गेले. अन्सगारचा जरा उशिरा, पण वर गेला.

बाहेर पडताना तो तिच्या बरोबरीनं चालला. "तुझ्यामुळं एइनो पयला आनि आमची तीन घरं दोन, तीन, चार. मी मागितलं त्यापेक्षा फार कमी न्हाय मिळालं, पारास्काबाई."

"लाकडाच्या दोन खेपा इसरू नकोस," ती म्हणाली.

मळणी सुरू झाली. इंजिन खरंच कामाचं निघालं, हे पारास्कालाही कबूल करावं लागलं. चरकावर पाच दिवस जायचे तिथं तीन पुरले. एइनोचा गहू पहिल्या दोन दिवसांतच पोत्यांत गेला. आपल्या कोठाराचं दार त्यानं तीनदा उघडून बघितलं, आणि चौथ्यांदा कुणी बघत नाही असं समजून. पण मध्ये पाऊस चार दिवस बसला, गॉटलीबच्या दारात पट्टा तुटला, आणि दिवस सरकत गेले. सिप्रियाँची मळणी संपली ती ऑक्टोबरच्या अठरा तारखेला संध्याकाळी. आकाश शिशासारखं झालं होतं. हंसांच्या रांगा दक्षिणेकडं चालल्या होत्या, आणि त्यांना घाई होती.

त्या संध्याकाळी पारास्कानं खालच्या शेतात चक्कर मारली. पेंढ्यांचे ढीग ओळीनं उभे होते. हाताला कोरडे लागत होते. एक दिवस मिळाला तर पुरे. पण त्या एका दिवसाला वीस घोडे हवेत. हात वर केलेला माणूस आणि पहाटे उठून येणारा माणूस हे दोन वेगळे असतात, हे तिला माहीत होतं. नॉर्वेजियनांची मळणी उरकून आता दहा दिवस झाले होते. त्यांचा नांगर चालू होता. कोण येतंय दुसऱ्याच्या पेंढ्या उचलायला?

सकाळी ती आपले पाच घोडे जुंपून उजाडायच्या आधी शेतात गेली. आधी इंजिनाचा आवाज आला. ते येणार होतंच, यंत्र चालवायचं होतं. मग तळ्याच्या वळणावरून सिप्रियाँची गाडी निघाली, चार घोडे. तिच्या मागं गॉटलीब, स्वतः लगाम धरून, वय सत्तर. मग एइनोचे दोन. त्याच्या मागं तोरगाइर आणि सिगवार्त, जांभया देत. सगळ्यांत शेवटी अन्सगारची दोन घोड्यांची गाडी, आणि तिच्यावर त्याची बायको, कारण तो स्वतः इंजिनावर होता.

पारास्कानं मोजले. दोनदा मोजले. वीस.

मग जे झालं त्याला काम म्हणायचं की जत्रा, कुणास ठाऊक. गाड्या भरून येत होत्या, रिकाम्या धावत होत्या. पोरं पेंढ्यांवर बसून ओरडत होती. गहू नळीतून पडत होता, आणि प्रत्येक जण जाता-येता मूठभर तोंडात टाकत होता. सिप्रियाँ गात होता, बेसूर. तोरगाइरची गाडी एका वळणावर कलंडली, सगळ्यांनी मिळून ती उभी केली आणि दिवसभर त्याला तेच चिडवलं. याव्दोखानं आणि तिच्या बहिणींनी दुपारपर्यंत बटाटा भरलेल्या चारशे व्हारेनिकी उकडल्या होत्या. वर तुपात परतलेला कांदा. अन्सगारच्या बायकोनं पहिल्यांदा खाल्लं, आणि भांड्याजवळच बसली.

दिवस मावळायच्या आत शेवटची पेंढी आत गेली. शेत उघडं पडलं. कोठाराचं दार पारास्कानं खांद्यानं रेटून लावलं, कारण ते गव्हानं फुगलं होतं. तिनं दाराला पाठ लावली.

इंजिन बंद झालं तेव्हा कानात शांतता वाजली. बर्फाचे पहिले कण हवेत तरंगत होते, अजून जमिनीवर टेकायचं त्यांचं ठरलं नव्हतं. वीस घोडे रांगेत उभे राहून तिचे ओट खात होते, आणि त्यांच्या अंगातून वाफ निघत होती.

अन्सगार तेलानं माखलेले हात पुसत आला आणि ओंडक्यावर बसला.

"पुढल्या साली पयली तूच," तो म्हणाला. "उलटं केल्यावर."

"मला ठाऊक हाय."

"त्या दिवशी हात वर केलास तवाच ठाऊक हुतं?"

पारास्कानं व्हारेनिकींचं भांडं त्याच्यापुढं आणलं, आणि त्याच्या ताटात दहा वाढल्या. तो नको म्हणेना, तेव्हा आणखी पाच. पितळी पट्टीवरचे पंधरा पुरे झाले.

"खा गुमान," ती म्हणाली. "घोड्यांनी जास्त इचारायचं नसतं."